आजीच्या शॉवरचा कोपरा आणि टाइल्समधला दीड एमएमचा फरक

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे, तळमजल्यावर मागच्या बाजूला मोरी, आणि आजीची अंघोळ तिथेच, पाटावर बसून, बादली आणि तांब्या. आजी आता ८४ ची झाली. दिवाळीनंतर एकदा पाटावरून उठताना ती घसरली, हाड वाचलं पण पंधरा दिवस अंथरुणात होती, आणि तेव्हाच घरात ठरलं की मोरीतला एक कोपरा नीट शॉवरचा करायचा, बसायला स्टूल, धरायला दांडा, खाली न घसरणारी फरशी, आणि भिंतींना टाइल्स कारण जुना चुना पाणी प्यायचा आणि पलीकडे देवघराच्या भिंतीवर ओल यायची.

आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारे एक कडियाकाका आहेत, कडिया म्हणजे गवंडी, त्यांनी जुनं प्लास्टर विटांपर्यंत काढून नवं सिमेंटचं केलं, खाली उतार दिला, पण मग होळी आली आणि ते दाहोदकडे गावी गेले. बडोद्यात हे सगळ्यांना माहीत आहे, होळीला तिकडची मंडळी गेली की तीन आठवडे कुठलंच बांधकाम हलत नाही. आजी तोवर वरच्या मजल्यावर अंघोळीला जात होती, जिना चढून, मला ते बघवत नव्हतं. मी मकरपुऱ्याला एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे, मोजमाप हे माझं रोजचं काम, म्हणून काकांना फोनवर विचारलं की टाइल्स मी लावू का, ते म्हणाले लाव, अडलास तर फोन कर. पुढे जे झालं ते सविस्तर लिहितोय, कारण टाइल्सची मापं सारखी नसणं हा प्रश्न स्वतः काम करणाऱ्या प्रत्येकाला येतो आणि बहुतेकांना तो अर्धी भिंत झाल्यावर कळतो, मलाही तेव्हाच कळला.

जागा आणि हिशोब

कोपरा तीन भिंतींचा. मागची भिंत १२३० एमएम, दोन्ही बाजूच्या ९४० एमएम, उंची साधारण सात फूट. टाइल बारा बाय अठरा, म्हणजे दुकानात म्हणतात ती, सिरॅमिक, फिक्या क्रीम रंगाची. आता इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो की बारा बाय अठरा हे बोलायचं नाव आहे, खरं माप ३०० बाय ४५० एमएम असतं, आणि बारा इंच म्हणजे ३०४.८ एमएम, त्यामुळे फुटांत हिशोब करून सात टाइल्स म्हणजे सात फूट असं धरलं तर सांध्यांसकट सुद्धा तेवढं भरत नाही. मोजायचं तर सगळं एमएममध्येच मोजा.

दुकानदाराने स्क्वेअर फुटावर हिशोब केला. ७१ स्क्वेअर फूट, एका खोक्यात ६ टाइल्स म्हणजे पावणेनऊच्या आसपास स्क्वेअर फूट, तर नऊ खोकी. मी घेऊन आलो. घरी येऊन कागदावर भिंती काढल्या तेव्हा लक्षात आलं की आडव्या टाइल्स लावल्या तर ९४० च्या भिंतीवर दोन पूर्ण टाइल्सनंतर जेमतेम ३५ एमएमची पट्टी उरते, ती कापायलाही वाईट आणि दिसायलाही वाईट. म्हणून प्रत्येक भिंतीच्या मधोमध एक पूर्ण टाइल आणि दोन्ही बाजूंना कापलेली असं ठरवलं, मागच्या भिंतीवर ३८७ चे दोन तुकडे, बाजूच्या भिंतींवर २४२ चे दोन दोन. पण २४२ चे दोन तुकडे एका टाइलमधून निघत नाहीत. म्हणजे एका रांगेला ९ टाइल्स, सात रांगांना ६३, आणि माझ्याकडे होत्या ५४. दहा दिवसांनी परत त्याच दुकानात जाऊन तेच डिझाइन, तोच नंबर सांगून आणखी तीन खोकी आणली. तोटा सगळा इथे झाला, पण तेव्हा मला त्याचा पत्ता नव्हता.

प्लास्टर पुरतं सुकल्यावर भिंतींना वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले, पहिला आडवा दुसरा उभा, कोपऱ्यांत जाळीची पट्टी, खाली चोवीस तास पाणी भरून ठेवलं, पलीकडे ओल आली नाही. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

पहिला रविवार

खालची रांग शेवटी लावायची असते कारण जमिनीला उतार असतो आणि ती कापूनच बसवावी लागते. म्हणून दुसऱ्या रांगेच्या तळाला लेव्हलमध्ये अॅल्युमिनियमची पट्टी तिन्ही भिंतींवर ठोकली आणि त्यावर टाइल्स चढवायला सुरुवात केली. सांधा सारखा राहावा म्हणून टाइल्सच्या मधे घालायचे दोन एमएमचे प्लस आकाराचे स्पेसर आणले होते. सकाळी दहाला डावी भिंत सुरू केली, जुन्या खोक्यांतल्या टाइल्स आधीच उघडून ठेवल्या होत्या त्या तिकडे गेल्या, बारापर्यंत तीन रांगा झाल्या. छान दिसत होत्या. जेवून मागची भिंत घेतली, तेव्हा ढिगाऱ्यात वर नवी तीन खोकी होती ती उघडली.

पहिल्या रांगेला कोपऱ्यात सांधा किंचित वर वाटला. दुसऱ्याला जास्त वाटला, मी स्वतःला सांगितलं की ग्राउट, म्हणजे सांध्यात भरायचा माल, भरलं की दिसणार नाही. तिसरी रांग झाल्यावर बायको चहा घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "अहो, ही रेघ इथे येऊन तुटते का?" पट्टी लावून बघितलं तर मागच्या भिंतीचा सांधा डाव्या भिंतीच्या सांध्यापेक्षा चार एमएमहून जास्त वर, म्हणजे सूतभरापेक्षा जास्त. आणि खालची अॅल्युमिनियमची पट्टी तर लेव्हलमध्ये होती, दोनदा तपासलेली. मग दोन्ही खोक्यांतली एक एक टाइल घेऊन पाठीला पाठ लावून ओट्यावर उभी केली, बोट वरून फिरवलं, पायरी लागली.

काकांना फोन लावला. मी सांगितलं की काका, स्पेसर सगळीकडे सारखे आहेत, लेव्हल बरोबर आहे, तरी सांधे जुळत नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की दोरी बांधली आहेस का. नव्हती बांधली, मी स्पेसरवर विसंबलो होतो. "बेटा, टाइल ना जुओ, दोरी जुओ," काका म्हणाले, म्हणजे टाइल नको बघू, दोरी बघ, आणि पुढे म्हणाले की आत्ताच काढून टाक, उद्यावर गेलं तर टाइल फुटेल आणि तुझं वॉटरप्रूफिंगही जाईल.

अठराच्या अठरा काढल्या. मागच्या भिंतीवरचं अॅढेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचा माल, अजून ओलसर होतं, पुट्टीची रुंद पट्टी मागून सरकवली की सुटत होत्या, डाव्या भिंतीच्या मात्र धरायला लागल्या होत्या, तिथे तीन फुटल्या. दोन ठिकाणी वॉटरप्रूफिंग खरवडलं गेलं, ते दुसऱ्या दिवशी परत दोन हात देऊन नीट केलं. टाइल्सच्या पाठी रात्री अकरापर्यंत ब्रशने घासत बसलो होतो, बाबाही शेजारी बसून घासत होते, ते काही बोलले नाहीत.

फरक येतो कुठून

सोमवारी खोकी नीट वाचली. जुन्या नऊ खोक्यांवर एक बॅच नंबर, नव्या तीनवर दुसरा, शेडचा कोड वेगळा आणि कॅलिबरचाही वेगळा. डिझाइनचं नाव आणि नंबर तेवढे सारखे, दुकानात मी तेवढंच बघितलं होतं.

सिरॅमिक टाइल ही दाबलेली माती असते, भट्टीतून निघताना ती थोडी आटते. व्हिट्रिफाइड, म्हणजे जास्त भाजलेली घट्ट टाइल तर सहा-सात टक्के आटते, भिंतीची सच्छिद्र सिरॅमिक टाइल बरीच कमी, एखाद टक्का, पण ३०० एमएमचा अर्धा टक्का म्हणजेच दीड एमएम झाला ना. पावडरमधला ओलावा, प्रेसचा दाब, भट्टीत टाइल मधोमध होती का कडेला, यातलं काहीही किंचित बदललं की माप बदलतं. म्हणून कारखान्यात टाइल्स भाजून झाल्यावर मापाप्रमाणे गट करतात, त्या गटाला कॅलिबर म्हणतात आणि खोक्यावर छापतात. आपल्याकडच्या बहुतेक टाइल्स मोरबीहून येतात आणि तिथेही हेच चालतं. कोणाची फसवणूक आहे असं नाही, प्रत्येक गट आपल्या जागी स्टँडर्डच्या सवलतीत बसतो, दाबलेल्या सिरॅमिक टाइल्ससाठी आयएस १५६२२ हे भारतीय स्टँडर्ड आहे, त्यात लांबी-रुंदीला काही फरक चालतो असं मान्यच केलेलं आहे. अडचण फक्त दोन गट एका भिंतीवर आल्यावर होते. कडा घासून एकसारख्या केलेल्या टाइल्स मिळतात, त्यांना रेक्टिफाइड म्हणतात, त्यात फरक फार कमी, पण माझ्या तशा नव्हत्या.

मग मी सगळ्या टाइल्स मोजल्या. कंपनीतून साहेबांना विचारून दोन दिवसांसाठी डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणारं मोजायचं साधन, आणला, प्लायवूडच्या तुकड्यावर खाली अॅल्युमिनियमचा अँगल ठोकला, वर डायल बांधला, माप माहीत असलेल्या एका टाइलवर सेट केला आणि एकेक टाइल त्यात उभी करत गेलो. दोन्ही टोकांना मोजायची, नुसती मधे नाही, कारण काही टाइल्स एका टोकाला जास्त उंच निघतात, पाचरीसारख्या. आणि मोजायच्या आधी कडेवर ग्लेझचा, म्हणजे वरच्या चकचकीत थराचा, ओघळ सुकलेला असतो तो दगडाने घासून काढायचा, नाहीतर माप खोटं येतं, माझ्या पहिल्या पाच-सहा टाइल्स त्यामुळे परत मोजाव्या लागल्या. डायल गेज नसेल तरी काही बिघडत नाही, दहा-बारा टाइल्स ओट्यावर खेटून उभ्या करा आणि वरून स्टीलची पट्टी फिरवा, अर्धा एमएमची पायरी बोटाला स्पष्ट कळते.

जुन्या टाइल्सची उंची २९९.२ ते २९९.९ निघाली. नव्या १८ ची ३००.६ ते ३०१.२. सरासरी धरली तर एका टाइलला १.४ एमएमचा फरक, तीन रांगांना ४.२, म्हणजे रविवारी कोपऱ्यात जे दिसलं ते बरोबर तेवढंच. पट्टीवरच्या सहाही रांगा तशाच चढवल्या असत्या तर वरती आठ एमएमहून जास्त घोटाळा झाला असता.

हे आकडे वहीत लिहून झाल्यावर मला पहिल्यांदा बरं वाटलं. कारण तोवर माझ्या हातात काही दोष आहे असंच वाटत होतं.

काय काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे दुकानात परत देणं. गेलो होतो, पण जुन्या कॅलिबरचा माल संपला होता आणि उघडलेली खोकी ते घेत नाहीत. दुसरं, नव्या १८ टाइल्सची कड ग्राइंडरने दीड एमएम घासणं. एक घासून बघितली नाही, विचारच सोडला, कारण कडेचं ग्लेझ कपच्या निघून जातं आणि सांध्याच्या बाजूला ती कड कायम खरखरीत दिसते.

तिसरं, सांधा मोठा ठेवणं. याचा एक चांगला हिशोब आहे, अमेरिकेतल्या एएनएसआय ए१०८ या टाइल्सच्या नियमांत लिहिलंय की टाइल्सच्या मापात जेवढा फरक असेल त्याच्या किमान तिप्पट सांधा ठेवा. मला हा नियम फार पटतो, कारण डोळा सांध्याची रुंदी मोजत नाही, शेजारच्या सांध्याशी तुलना करतो, तीन एमएमच्या सांध्यात एक एमएम कमीजास्त झाला तर खपून जातो, एक एमएमच्या सांध्यात नाही. पण माझा एकूण फरक २९९.२ पासून ३०१.२, म्हणजे २ एमएम, तिप्पट म्हणजे ६ एमएमचा सांधा. ३०० च्या टाइलला ६ एमएम म्हणजे भिंत चौकड्याच्या चादरीसारखी दिसली असती, आणि आजीच्या अंघोळीच्या जागेत साबण-मळ धरणारा सांधा जितका कमी तितकं बरं.

चौथा सल्ला माझ्या मेव्हण्याने दिला, की ब्रिक पॅटर्न कर, सांधे लपतात. हे अर्धंच खरं आहे. ब्रिक पॅटर्नमध्ये उभे सांधे एकाखाली एक येत नाहीत म्हणून लांबीतला फरक लपतो, उंचीतला फरक कसा लपेल, आडवी रेघ तर तशीच सरळ जाते. आणि माझ्या आखणीत लांबीचा प्रश्न नव्हताच. एका भिंतीवर एका रांगेत एकच पूर्ण टाइल, बाजूचे दोन्ही तुकडे कापलेले, म्हणजे लांबीतला सगळा फरक कापण्यातच जिरतो. हे लक्षात आलं तेव्हा प्रश्न एकदम निम्मा झाला, सांभाळायची होती ती फक्त उंची, कारण आडवी रेघ तिन्ही भिंतींवरून फिरते आणि दोन कोपऱ्यांत तिला स्वतःशी जुळावंच लागतं.

मग रात्री कागदासमोर बसून एकच प्रश्न स्वतःला विचारत राहिलो, की या भिंतीवर अशी कुठली रांग आहे जिला उंचीची सक्ती नाही. दोन सापडल्या. सगळ्यात खालची, कारण ती उतारामुळे कापायचीच आहे. आणि सगळ्यात वरची, कारण तिच्या डोक्यावर काहीच नाही, ती दीड एमएम उंच झाली तर वरची कड दीड एमएम वर जाईल, बस. दोन रांगांना लागतात १८ टाइल्स आणि नव्या टाइल्सही १८ च. शेडमध्येही दोन बॅचमध्ये बारीक फरक होता, उन्हात धरलं की कळायचा, तोही एकदम वर आणि एकदम खाली गेला की शेजारी शेजारी मधोमध येत नाही. मधल्या पाच रांगांना ४५ जुन्या, माझ्याकडे फुटून ५१ उरल्या होत्या.

दुसऱ्यांदा

जुन्या टाइल्स उंचीच्या क्रमाने घरभर मांडल्या, हॉलमधून पार देवघरापर्यंत, प्रत्येकीच्या मागे मार्करने माप लिहिलेलं. आजी खुर्चीत बसून बघत होती, म्हणाली, "अरे सोन्या, शाळेत उंचीप्रमाणे उभं करतात तसं केलंस रे." तसंच होतं ते. मग क्रमाने नऊ-नऊचे गट पाडले, एक गट म्हणजे एक रांग. असं केल्यावर एका रांगेच्या आत फरक राहतो एक-दोन दशांश एमएम, तो कोणालाच दिसत नाही. पाचरीसारख्या निघालेल्या टाइल्स आधीच बाजूला काढून कापायच्या तुकड्यांसाठी ठेवल्या, जास्त वाकडं टोक कापून जातं.

भिंतीवर या वेळी स्पेसरच्या भरवशावर नाही, रेषांच्या भरवशावर काम केलं. लेझर लेव्हल भाड्याने आणली, ओळंब्याने उभी मध्यरेषा काढली, आणि पट्टीपासून वर दर ३०३ एमएमला आडवी रेष, तिन्ही भिंतींवर एकाच वेळी. ३०३ का, तर जुन्यांतली सगळ्यात मोठी २९९.९ ची आहे, तिला ३.१ चा सांधा मिळतो, सगळ्यात लहान २९९.२ ची, तिला ३.८ चा. सात दशांशाचा फरक, आणि तोही रांगेनुसार हळूहळू बदलणारा, एकाच रांगेत उड्या मारणारा नाही. त्या ०.७ ची तिप्पट २.१ होते, म्हणजे नियमातही आरामात बसलो. टाइल कितीही लहान-मोठी असो तिची वरची कड रेषेला, चूक त्याच टाइलपाशी संपते, वर चढत नाही. स्पेसर असले की उलट होतं, प्रत्येक टाइल आपली चूक वरच्या टाइलच्या डोक्यावर ठेवते. काकांनी दोरी जुओ म्हटलं ते हेच होतं, त्यांना ते चाळीस वर्षं हातात आहे, मला ते आकड्यात मांडल्यावर पोचलं.

प्लस स्पेसर ठेवून दिले आणि पाचरीसारखे प्लॅस्टिकचे वेज वापरले, आत-बाहेर सरकवले की सांधा कमीजास्त करता येतो, जिथे वेज जाड पडला तिथे खोक्याच्या पुठ्ठ्याची दुमडलेली पट्टी घातली. लेव्हलिंग क्लिपही होत्या, पण त्यांचा उपयोग दोन टाइल्सचे चेहरे एका पातळीत आणायला, मापातला फरक त्याने जात नाही, हे वेगळं सांगतो कारण दुकानात मला क्लिप याच कामासाठी विकायला बघत होते.

अॅढेसिव्हबद्दल थोडं. पिशवीवर आयएस १५४७७ छापलेलं बघून घेतलं, भिंतीवरून न घसरणाऱ्या प्रकारचं. भिंतीला ८ एमएमच्या दातेरी थापीने आडव्या रेघा ओढायच्या आणि टाइलच्या पाठीला पातळ हात. टाइल्स पाण्यात भिजवायच्या नाहीत, भिजवणं हे सिमेंटच्या मालासाठी, अॅढेसिव्हला कोरडी टाइल लागते, माझे बाबा आणि शेजारचे काका दोघांनाही हे पटवायला वेळ लागला. मार्चमध्ये दुपारी बडोद्यात अॅढेसिव्हला लवकर साय धरते, पिशवीवर लिहिलेली मिनिटं इतक्या उन्हाळ्याची नसतात, म्हणून एका वेळी तीन टाइल्सपुरतंच लावायचं आणि बोट टेकवून बघायचं, बोटाला चिकटलं तर ठीक, नाही तर खरवडून टाकून नवं. मी सकाळी सहा ते दहा एवढंच काम केलं. दर पाच-सहा टाइल्सनंतर एक काढून मागे बघितलं की माल पूर्ण पसरलाय का, शॉवरमध्ये मागे पोकळी राहिली की पाणी तिथे साचतं.

मधल्या पाच रांगा तीन सकाळी झाल्या, वरची नवी रांग चौथ्या सकाळी. मग पट्टी काढली, खाली आधी न घसरणारी फरशी घेतली आणि शेवटी खालची रांग. इथे प्रत्येक तुकडा वेगळा मोजून कापला, नाळीच्या कोपऱ्यात २९४, समोरच्या लांबच्या कोपऱ्यात २६८, मधे तिरपं. कापलेली कड खाली, कारखान्याची कड वर, आणि फरशीपासून तीन-साडेतीन एमएम मोकळं. नव्या टाइल्समध्ये एकही जादा नव्हती, पण खालच्या रांगेला तशी चिंता नव्हती, एखादी फुटली असती तर जुन्यांतली चालली असती कारण कापल्यावर दोन्ही सारख्याच.

ग्राउट टाइलच्या रंगाचं घेतलं, हस्तिदंती. बायकोला गडद चॉकलेटी हवं होतं, मलाही ते आवडतं, पण गडद ग्राउट प्रत्येक सांध्याची जाडी ओरडून सांगतं आणि मापात फरक असलेल्या टाइल्सना ते लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. इपॉक्सी घेतलं, महाग पडतं पण पाणी पीत नाही, थोडं थोडं मळायचं आणि टाइलवरचं लगेच स्पंजने पुसायचं, वाळलं तर निघत नाही. भिंत-भिंत कोपरे आणि भिंत-फरशीचा सांधा यात ग्राउट नाही, सिलिकॉन, कारण तिथे दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात आणि कडक ग्राउट केसासारखं तडकतं.

आजीच्या दांड्यासाठी चार भोकं पाडताना डायमंड बिट, हॅमर बंद, पाणी सोडत सावकाश. तरी एक टाइल तडकली, सांध्याच्या फार जवळ घेतलं होतं, ती बदलावी लागली. भोकात आधी सिलिकॉन भरून मग अँकर घातला, कारण तिथे वॉटरप्रूफिंगला आपणच छिद्र केलेलं असतं.

आता

काका होळीनंतर परतले तेव्हा आधी इकडेच आले. दोन्ही कोपऱ्यांत अंगठा खालपासून वरपर्यंत फिरवला, आडव्या रेघेला डोळा लावून बघितलं, वरच्या रांगेपाशी थांबले आणि विचारलं, "आ उपरनी जुदी छे ने?" बाकी कोणाच्या अजून लक्षात आलेलं नाही, त्यांना दोन मिनिटांत कळलं. मी वही दाखवली, त्यांनी ती पूर्ण बघितली, एकेक पान.

परत करायची वेळ आली तर मी आखणी आधी कागदावर करून टाइल्स एकाच वेळी घेईन, खोक्यावरचा बॅच, शेड आणि कॅलिबर टेम्पोतून उतरायच्या आधी वाचेन आणि दोन-तीन वेगळ्या खोक्यांतल्या टाइल्स दुकानातच पाठीला पाठ लावून बघेन. नंतर जादा लागल्याच तर मुकाट्याने वरच्या किंवा खालच्या रांगेला. आणि ज्या दिवशी पहिल्या रांगेला कोपऱ्यात दीड एमएम दिसेल त्याच क्षणी थांबेन, तिसऱ्या रांगेची वाट बघणार नाही.

आजी रोज सकाळी स्वतः दांडा धरून आत जाते, स्टूलवर बसते, पाणी गरम आहे का ते आधी हातावर घेते. तांब्या तिने अजून सोडलेला नाही, शॉवर बाजूला आणि तांब्याही बाजूला. पहिला पावसाळा होऊन गेला, देवघराची भिंत कोरडी आहे. पाच टाइल्स उरल्या, पाचही जुन्या बॅचच्या, त्या मागे माप आणि बॅच नंबर लिहून, मधे कागद घालून माळ्यावर उभ्या ठेवल्या आहेत.